साहेबांनी दुकानातून आणलेला फेस

डोकं इतकं फिरलंय की जेवायलाही बसले नाही. आधी इथे ओकते.

पनवेलच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही बॅक्टेरियांच्या जनुकांत बदल करून त्यांच्याकडून भांडी घासायचं नैसर्गिक लिक्विड बनवून घेतो. फेसामुळे बॅक्टेरिया वाढवायची टाकी उतू जायची, म्हणून कमी फेसाचं लिक्विड देणारे बॅक्टेरिया तयार करण्यात मी जीव ओतला. तेलकटपणा झटकन निघतो, फेस मात्र जेमतेम.

आज पैसे गुंतवणाऱ्या बाई बघायला येणार होत्या. आमच्या साहेबांनी खांदा कॉलनीतल्या दुकानातून साधं डिशवॉश आणलं आणि माझ्यादेखत आमच्या बाटलीत ओतलं!

"सर, हे काय करताय?"

"फेसाशिवाय लोकांना साफ वाटत नाही. तू गप्प बस."

बाईंसमोर फेसाचा नुसता डोंगर. "सगळी आमच्या बॅक्टेरियांची कमाल!" साहेब छाती फुगवून सांगत होते.

बाई इतक्या खूश झाल्या, की तीच बाटली तपासणीसाठी घेऊन गेल्या.

तेव्हापासून साहेबांचे फोनवर फोन. "अगं, तू शास्त्रज्ञ आहेस, बाईंना काहीतरी समजावून सांग ना!"

गप्प बसायला सांगितलं होतं ना? बसलेय.

तुम्ही बोलला असता?