भडक लुगडं

काल दुकानात नात एका साडीला ‘बटबटीत’ म्हणाली आणि मला आष्टीतली दूध सोसायटीची सभा आठवली. दुष्काळ होता, चाऱ्याअभावी जनावरं विकली जात होती. माझ्या थोरल्या जाऊबाई चेअरमनपदाला उभ्या होत्या. अंगावर पोपटी लुगडं, राणी रंगाची चोळी.

जुन्या चेअरमनची बायको हसली, “किती भडक! अगदी गावंढळ!” बाईनं पुढं येणंच तिला भडक वाटलं असावं, हे आज कळतं.

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, “वैनी, समदं रान करपलंय. डोळ्याला कुटं तरी हिरवं दिसू द्या की!”

मंडप हसला. मतांसाठी हात वर झाले आणि बांगड्याच बांगड्या खळखळल्या. गुलालानं माखलेल्या जाऊबाई खुर्चीत बसल्या नि म्हणाल्या, “आता चाऱ्याचं बोला.”