स्पोझमई की स्पोगमई

तोर्यालय मूळचा कंदाहारचा. रोमानियात, याश शहरात गुरांचा डॉक्टर झाला, परतला तर लढाई पेटलेली, म्हणून पेशावरात येऊन राहिला. माझ्या पेंडीच्या दुकानाला लागून त्याचा दवाखाना. भाषा दोघांची पश्तूच, पण 'छान'ला आम्ही पेशावरवाले 'खे' म्हणतो, कंदाहारी 'शे'. त्यानं 'शे' म्हटलं की आम्ही कोंबड्या हाकलल्यासारखं 'श्श, श्श' करायचो. मीसुद्धा. तो खाली मान घालून सुई भरत राही, पण जबडा आवळलेला दिसे.

त्याच्या मुलीच्या निकाहाला मी साक्षीदार होतो. मौलवी उर्दूत कागद भरत होते. व्याही जानस खान म्हणाला, "मुलीचं नाव लिहा, स्पोगमई."

"स्पोझमई," तोर्यालय म्हणाला.

पश्तूत अक्षर एकच, उच्चार दोन. उर्दूत मात्र 'ग' की 'झ' ते ठरवावंच लागतं.

"आमच्या घरात तुमचा 'झ' नको, डॉक्टर. शेजारी हसतील."

तोर्यालय ताडकन उठला. "याशला एका गोठेवाल्या म्हातारीनं मला बोलायला शिकवलं. 'छान'ला ती 'गिनी' म्हणायची. तोंडी परीक्षेला बुखारेस्टचा मास्तर आला, तो 'बिने'वाला. वर्गाला हसवायला त्यानं तीनदा माझ्याकडून 'गिनी' म्हणवून घेतलं. मी लाजलो, जीभ बदलली. तर म्हातारी म्हणाली, 'साहेब झालास ना? मग माझ्या गोठ्यात पाय ठेवू नकोस.' तुम्हीही त्या मास्तराच्याच जातीचे कुत्रे! स्पोझमई लिहा, नाहीतर चालते व्हा!"

"कुत्रा कुणाला म्हणतोस रे, निर्वासिता?" जानस खान बाह्या सरसावत पुढं आला. मी मध्ये पडलो.

तेवढ्यात पडद्यामागून मुलगी बोलली, "बाबा, मी इथंच जन्मले. मी स्वतःला स्पोगमईच म्हणते. तुम्ही कधी ऐकलंतच नाही."

तोर्यालयचा चेहरा पांढराफटक पडला. "मग बाप पण इथलाच शोध," एवढं बोलून तो चपला घालून निघून गेला. मामानं मुलीच्या वतीनं होकार दिला. कागदावर 'स्पोगमई' चढलं. पुलाव कुणी धड खाल्ला नाही.

वर्षानं मुलीला मुलगा झाला. तिनं पाठवलेली मिठाई तोर्यालयनं दारातूनच परत केली. मला राहवेना. त्या 'श्श, श्श'ची माफी मागायला दवाखान्यात गेलो.

"म्हैस आजारी आहे?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"नाही, तोर्यालय लाला. मी..."

"मग दार लावून घे. बाहेरून."