घाबरू नका, तो तारा आहे!

दुर्बीण घेतली आणि माझं वाटोळं झालं! कर्नाटकातल्या आळंदजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. आधी लोक ट्यूशनसाठी फोन करायचे, आता आभाळात काही चमकलं की करतात. आनंदानं एकही नाही, सगळे थरथरत. किस्से असे साठलेत की कुठून सुरू करू!

*

आमचा शिपाई बसवराज. दिवेलागणीला शेतातून मोटारसायकलवर निघाला तो थेट माझ्या दारात. गुडघा फुटलेला, पायात चप्पल एकच.

"सर, उजेड मागं लागलाय! थांबलो की थांबायलंय, पळालो की पळायलंय!"

मी बाहेर येऊन पश्चिमेला पाहिलं. "अरे, शुक्र आहे तो!"

"शुक्र कुठला सर, आज मंगळवार हाय!"

*

हेडमास्तरांना आम्ही अप्पा म्हणतो. साप हातानं धरणारा माणूस. एकदा फोनवर कुजबुजले, "सर, आभाळात रेल्वे जायलीय. घरच्यांना पलंगाखाली घातलंय."

"अप्पा, उपग्रह आहेत ते. नवे सोडले की एकामागं एक जातात."

मग म्हणाले, "सर, आपली पोरं प्रार्थनेला कधी अशी ओळीनं गेलीत?"

*

हा किस्सा मात्र मी हसत सांगत नाही.

थंडीत अफवा उठली, चोर ड्रोन उडवून घरं हेरायलेत. एका संध्याकाळी बसवराजचा फोन: "सर, दुर्बीण घेऊन पळत या, माणूस मरायलाय!"

पाराजवळ गर्दी, काठ्या. मधे परगावचा एक चादरवाला, कपाळातून रक्त. त्याच्यापुढं आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या महादेवी अक्का हात पसरून उभ्या. एकट्या!

"ह्याचंच ड्रोन हाय! बघा, लाल-हिरवं मिचकायलंय!"

झाडांच्या वर व्याधाचा तारा लुकलुकत होता. मी ओरडून सांगितलं, कोण ऐकतंय! शेवटी दुर्बीण लावली आणि एकेकाला दाखवला. हळूहळू काठ्या खाली आल्या. मग चादरवाल्यालाही दाखवला. बघता बघता तो रडायलाच लागला.

"साब, ये तो हमारे गाँव में भी है!"

*

त्यानंतर गावाची भीती घालवायची म्हणून शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शन ठेवलं. पोरं, आयाबाया, सगळे आले. मी माइकवर, फुल कॉन्फिडन्समध्ये: "पूर्वेला ते मोठं, पिवळसर चमकतंय ना, तो गुरू. ग्रह आहे. घाबरायचं काम नाही!"

पोरं महादेवी अक्कांना चिकटली. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"गुरू हाय म्हणता, सर. मग खाली कामून यायलाय?"