केवड्याचा काटा

लाखेचं काम करणाऱ्या घरात मी सून म्हणून आले आणि पहिली सात वर्षं नुसती वादी ओढली. आमचं लाकूड कातायचं यंत्र हातानेच चालायचं. दोन खिळ्यांमध्ये लाकूड अडकवायचं, त्याला चामड्याची वादी गुंडाळायची आणि एकाने ती पुढे-मागे ओढत बसायचं, म्हणजे लाकूड फिरतं. नवऱ्याने हे सोडून बैलगाडीची चाकं करणाऱ्याकडे नोकरी धरली होती. पनवेलमध्ये मान चाकांना, आमच्या लाटण्या-भोवऱ्यांना कोण पुसतो. मग वादीला मी. पटाशी मामंजींची, लाखेची कांडी मामंजींची, आणि शेवटचं पान तर त्यांचंच.

हे पान केवड्याचं. फिरत्या लाकडावर कांडी दाबली की लाख घासून वितळते आणि रंग बसतो, पण तो निस्तेज. त्यावर ओलं पान दाबून धरलं की मग चकाकी येते. खाडीवरून मासळी घेऊन येणारी बाई ही पानं आणून द्यायची आणि दर वेळी बजावायची, "काटं नीट काड गो. कडंचं काडशील, मधल्या शिरंखाली पन हायेत."

आमच्या आळीत एक बेने इस्रायली बाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगी आधीच इस्रायलला गेली होती, तिचे दिवस भरत आले होते, आणि रविवारच्या आगबोटीने बाईही कायमच्या निघाल्या होत्या. जाताना त्यांना पाळण्याचे चार दांडे हवे होते. "तिकडे लोखंडी खाट मिळते म्हणे. माझं नातवंड पाळण्यातच झोपेल," म्हणाल्या. दांडे शुक्रवारी दिवेलागणीच्या आत हवेत, कारण नंतर त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार, लागणार, आणि त्या दिवशी त्या सामान बांधणार नव्हत्या.

तीन दांडे झाले. चौथ्यावर पान फिरलं आणि लाल लाखेत गोल बारीक रेघ उमटली. मला बसल्या जागेवरून दिसली.

"मामंजी, काटा राहिलाय पानात."

"काही राहिलेला नाही. तू वादी बघ."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. काटे ते बोटांनी चाचपून काढायचे, आणि शिरेखालचे काही बोटांना लागत नव्हते. हे घरात सगळ्यांना ठाऊक, बोलायचं मात्र कुणी नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तेच पान पुन्हा दाबलं, दुसरी रेघ आली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "मी हे काम तुझ्या जन्माआधीपासून करतोय, सूनबाई." माझा असा संताप झाला की वादी टाकून उठावंसं वाटलं. त्या रेघांवर लाख पुन्हा चढवली असती तर त्या बुजल्या असत्या, पाव तासाचं काम. पण चुकलंय हेच कबूल नाही, तर बुजवणार काय? मी वादी ओढत राहिले, आणि ऊन भिंतीवरून उतरत गेलं.

बाई आल्या त्या घाईतच. दांडे एकेक करून हातात घेतले, चौथ्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्या रेघा कसल्या?"

मामंजींनी मान वर केली. हात पुढे करून ते दांड्यावर रेघा चाचपू लागले, आणि सगळा राग असूनही ते मला पाहवेना.

"मुद्दाम काढल्यात," मी म्हणाले. "हा दांडा उशाकडचा. ओळखायला बरा."

"अगं, छान सुचलं," म्हणत बाईंनी चारही दांडे जुन्या लुगड्यात गुंडाळले. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. मामंजींनी ते पान उचलून बाहेर फेकलं. तीनदा खरं सांगितलं ते त्यांना पटलं नव्हतं. मी खोटं बोलले तेव्हा पटलं.

सोमवारी सकाळी पदर खोचून कामाला आले, तर माझ्या पाटावर मामंजी बसलेले. वादी त्यांच्या हातात.

"पान तू धर," म्हणाले.

सात वर्षं मी ह्याचीच वाट पाहिली होती. पान घेतलं, चाकू घेतला, कडेचे काटे काढले आणि शिरेखालचे काढायला ते उलटं केलं. डोळे इतके भरून आले होते की एकही काटा मला धड दिसेना.