नाण्यावरची हळद

ती बाई आजही आठवते, आणि नोकरीत असताना आला नाही तेवढा संताप आता येतो. मुदतीआधी वर्दी उतरवली, त्याचं हेही एक कारण. नावं देत नाही.

पालघर तालुक्यातल्या किनाऱ्यावर मी फौजदार होतो. खबर आली: एडवणकडच्या एका बंगलेवाल्याच्या कपाटातलं सोन्याचं जुनं नाणं चोरीला गेलं, ते झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या कोळणीच्या गळ्यात आहे. फिर्यादीला नाण्याचा फोटो जोडलेला. माणूस वजनदार, म्हणून वरून फोन. म्हातारीला ठाण्यात आणली.

"कुठून उचललंस?"

"उचलाय मी काय मांजर हाय? माज्या धन्याच्या जाल्यात गावला. लग्नात मना घातला."

धनी पुढे वादळात गेला, परतला नाही.

नाण्यावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "त्याचा फोटू नाय, साहेब. केस असंच कुरलं व्हतं. ह्याच्यासंगंच बोलतंय मी."

हवालदार म्हणाला, "आजी, नवरा गोरा साहेब होता काय?" आम्ही हसलो. हो, मीसुद्धा.

नाणं ओळखायला बोईसरहून इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आले. भिंगातून बघत म्हणाले, "रोमचा बादशहा ओथो. तीन महिने टिकला. हे कुरळे केस खोटे, टोपाचे." या बादशहाचं नाव तेवढं लिहितो, तो तक्रार करायला येणार नाही. मग फिर्यादीचा फोटो पाहून त्यांनी विचारलं, "कपाटातल्या बादशहाला हळद कोणी लावली?"

फोटोतल्या अक्षरांच्या खाचांत पिवळं होतं. म्हातारी दर नारळी पौर्णिमेला नाण्याला हळद लावायची. म्हणजे फोटो तिच्या गळ्यातल्याच नाण्याचा! बंगलेवाल्याला समोर बसवला, तेव्हा फुटला. "चहा ठेवताना वाकली, तेव्हा फोटो काढला. विकत मागितलं, देईना. तिला काय कळतंय त्यातलं?"

खोट्या फिर्यादीबद्दल त्याला काय झालं? समज देऊन सोडलं.

आणि मी? ऐटीत पंचनाम्यात लिहिलं: 'पुरातन रोमन सुवर्णनाणे'. 'गळ्यातील दागिना' एवढंच लिहिलं असतं, तर तो कदाचित तिला परत मिळाला असता. पुरातन म्हटल्यावर सरकारजमा.

ती दर सोमवारी चालत यायची, बाकावर बसायची. "मी चोर नाय ना? मग आमच्या मानसाला कवा सोडता?" शेवटी मी तिच्या हातात नाणं सरकारजमा झाल्याची पोचपावती ठेवली. तिने उलटसुलट पाहिली. "यावर तो नाय," म्हणाली आणि पावती बाकावर ठेवून गेली. पुन्हा आली नाही.

तीन महिन्यांच्या बादशहाची ओळख आम्ही पंचांसमक्ष पटवली. तिच्या माणसाला ओळखणारी ती एकटीच उरली होती. तिच्या जबाबातलं कुरळ्या केसांचं वाक्य मी, गुन्ह्याशी संबंध नाही म्हणून, गाळलं होतं.