सत्यप्रतीचा शिक्का

“तुझ्या नावावर दोन कर्जं थकलेली आहेत,” मी म्हटलं, तर समोरची मुलगी चक्क हसली. तिला वाटलं, मॅडम गंमत करताहेत. मी ऑफिसात गंमत करत नाही. कागद तिच्याकडे सरकवला, तेव्हा तिचं हसू मावळलं.

मी एका बँकेच्या नागपूरच्या क्षेत्रीय कार्यालयात भरतीचं काम बघते. निवड झालेल्या उमेदवारांचे कागद तपासायचे, सगळं नीट असेल तर जॉइनिंग द्यायचं. ही प्रणाली, रामटेकची. क्लार्कच्या परीक्षेत तिसऱ्या खेपेला पास झालेली. आता आमच्याकडे नियम असा, की नोकरीला लागायच्या आधी उमेदवाराचा क्रेडिट रिपोर्ट स्वच्छ पाहिजे. क्रेडिट रिपोर्ट म्हणजे कर्जाचं प्रगतिपुस्तक. तुम्ही कुठून कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की बुडवले, सगळं त्यात येतं. जो स्वतःचे हप्ते बुडवतो तो लोकांचे पैसे काय सांभाळणार, असा हिशेब.

“मॅडम, मी तर आजपर्यंत मोबाइलसुद्धा हप्त्यावर घेतला नाही,” ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी रिपोर्ट पुन्हा बघितला. नाव तिचं, पॅन तिचा, जन्मतारीख तिची. पण मोबाइल नंबर भलताच आणि पत्ता परराज्यातला. दोन्ही कर्जं एकाच ॲपवाल्या कंपनीची. म्हणजे कुणीतरी हिचे कागद लावून पैसे उचलले होते आणि पसार झालं होतं.

मी आमच्या देशकर साहेबांकडे गेले.

“मॅडम, कंपनीची एनओसी आणा, नाहीतर रिपोर्ट दुरुस्त करून आणा,” ते म्हणाले. “ट्रेनिंगची बॅच पाच आठवड्यांनी आहे. तोवर नाही झालं तर वेटिंग लिस्टवरचा पुढचा.”

“सर, मुलीची चूक नाही.”

“मी कुठं म्हटलं आहे? पण फायलीत काय लावू, तुमचा विश्वास?”

साहेबांचा असा राग येतो ना! पण ते बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी प्रणाली वडिलांना घेऊन आली. वासुदेवराव तहसील कचेरीतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन, काखेत फाइल. बसायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, मले सांगा, किती भरायचं आहे? आजच भरतो. पोरीची नोकरी नाही गेली पाहिजे.”

“एक पैसा भरायचा नाही,” मी म्हटलं.

“काहून जी? रक्कम तर लहानच आहे.”

“भरलं म्हणजे कर्ज तिचंच होतं असं तुम्ही कबूल केलं. उद्या तिसरं कर्ज निघालं तर तेही भरणार का? रिपोर्टवर उशिरा फेडल्याचा डाग राहील तो वेगळाच.”

“पण एनओसी तर लवकर भेटेल ना!”

“बाबा, मी घेतलंच नाही तर काहून भरता?” प्रणाली म्हणाली. कालची रडणारी मुलगी ती हीच का, असं मला वाटलं. वासुदेवरावांनी काखेतली फाइल टेबलावर ठेवली.

मग आम्ही कामाला लागलो. क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थांच्या साइटवर तक्रारीची सोय असते. त्याला डिस्प्यूट म्हणतात. हे खातं माझं नाही, एवढं तिथं कळवायचं. ते प्रणालीनं माझ्यासमोर केलं. अशा संस्था एकापेक्षा जास्त आहेत, म्हणून सगळ्यांचे रिपोर्ट मागवायला लावले. एकात दिसतं ते दुसऱ्यात दिसेलच असं नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे तिच्या बोटांचे ठसे दुसरं कुणी वापरू शकणार नाही. सायबर पोलिसांत तक्रार झाली. आणि त्या ॲपवाल्या कंपनीला मेल गेला: कर्ज देताना तुम्ही कोणते कागद घेतले, त्याच्या प्रती पाठवा.

कंपनीनं आधी टाळाटाळ केली. पोलीस तक्रारीची प्रत जोडून दोनदा हिसका दाखवला, तेव्हा आठव्या दिवशी प्रती आल्या. मी बापलेकीला बोलावून घेतलं.

फोटो कुणा तिसऱ्याच बाईचा होता. पण पॅनकार्डची झेरॉक्स प्रणालीचीच. तिच्या कोपऱ्यात गोल शिक्का: परिचय मेळावा समिती, कागदपत्रे तपासली. खाली सही. मी म्हटलं, “ही सही कुणाची आहे बघा बरं, ओळखीची वाटते का?”

वासुदेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “माहीच सही आहे,” ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या समाजाचा वधूवर परिचय मेळावा असतो आणि त्याचे सचिव हेच. आदल्या वर्षी एका स्थळानं खोटा पगार सांगितला होता. म्हणून यंदा यांनी नियम केला: बायोडेटासोबत आधार, पॅन आणि पगाराची स्लिप. प्रत्येक कागद स्वतः तपासला, शिक्का मारला. आणि पालकांची खात्री पटावी म्हणून सगळ्या मुलामुलींच्या कागदांची एकच पीडीएफ करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली! एक नाही, चार ग्रुपवर.

“मले वाटलं, पारदर्शक काम आहे,” ते म्हणाले.

मला भयंकर संताप आला. त्यांचा चेहरा बघून दयाही आली. तीस वर्षं ज्या माणसानं शिक्क्याशिवाय कागद पुढं सरकवला नाही, त्यानं हौसेनं पोरीचं घर उघडं टाकलं होतं.

“बाबा, ते अजून ग्रुपवर आहे?” प्रणालीनं विचारलं.

“आहे ना वं.”

“आधी काढा. आत्ताच, इथंच.”

त्यांनी समितीच्या मुलाला फोन लावला. पण खरी अडचण पुढं होती. कंपनीला आणि पोलिसांना कागद कुठून फुटला हे लेखी द्यायचं होतं. तसं दिलं तर प्रकरण झटपट सुटणार. पण त्यात वासुदेवरावांना लिहावं लागणार होतं, की ही कागदांची यादी मीच पसरवली. एकदा ते कागदावर आलं की समाजात तोंड दाखवायची सोय नाही.

“नाव न घालता नाही होणार का?” त्यांनी हळूच विचारलं.

“सही तुमचीच आहे,” मी म्हटलं. “आणि त्या यादीत बाकीची मुलं आहेत. त्यांच्या नावावर काय निघालंय, त्यांना तरी कुठं माहीत?”

वासुदेवरावांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्याच टेबलावर बसून लिहिलं. अक्षर सुरेख, कचेरीतलं. चूक कुठंही झाकली नाही, कुणाच्या माथी मारली नाही. “सदर यादी मी स्वतः प्रसारित केली,” हे वाक्य लिहिताना मात्र पेन थांबलं होतं.

त्या पत्रानं काम केलं. चौथ्या आठवड्यात कंपनीनं दोन्ही कर्जं प्रणालीच्या नावावरून काढली आणि नवा रिपोर्ट आला. देशकर साहेबांनी तो दोनदा वाचून फायलीत लावला. प्रणाली बॅचसोबत ट्रेनिंगला गेली.

पेढे येतील असं वाटलं होतं, आले नाहीत. शेवटी मीच वासुदेवरावांना फोन केला. मागं बसचा आवाज येत होता.

“मौद्याले जाऊन राहिलो मॅडम. यादीतले अर्धे लोक फोन उचलत नाहीत, उचलला तर शिव्या देतात. म्हणून घरोघरी जातो आणि समोर बसवून रिपोर्ट काढायले लावतो. सहा पोरांच्या नावावर कर्ज निघालं जी.”

“अजून किती घरं राहिली?”

“लय आहेत. ग्रुपवर टाकायले एक मिनिट लागलं होतं.”