सुतकातली मॅरेथॉन

मुंबईची मॅरेथॉन आमच्या घरात आली ती माझ्या नवऱ्यामुळे. आमचं गाव पालेगाव, आणि ते अंबरनाथला कारखान्यात कामाला होते. कामावर पळत जायचे, पळत यायचे, आणि वर्षातून एकदा मुंबईला जाऊन पळायचे. तेव्हा त्या शर्यतीचं कुणाला कौतुक नव्हतं. गिरणीतले, गोदीतले, पोलिसातले गडी कॅनव्हासचे बूट घालून पळायचे, काही अनवाणीच. घरी आले की हे पायाचे फोड दाखवायचे. मी म्हणायचे, "एवढे फोड शेतात आणले असते तर चार पोती भात जास्त झाला असता."

मग ती शर्यत बंद पडली. का, ते मला माहीत नाही. यांनाही कुणी सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी परत सुरू झाली तेव्हा टीव्हीवर दिसायला लागली. पुढे आफ्रिकेतली सडपातळ माणसं, मागे कंपन्यांचे टी-शर्ट घातलेली, त्यांच्या मागे फुगे घेऊन फोटो काढणारी. म्हातारपणी हे एकदा त्यात जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, "जत्रा झालीय. आमच्यासारखे पहाटे अंधारातच निघतात, ते कुणाला दिसत नाहीत."

परत गेले नाहीत. पण गावात आमच्याही शेतावर इमारती उठल्यावर आम्ही मुलाकडे कात्रपला राहायला आलो, आणि तिथे त्यांनी नातीला पळायला शिकवलं. मुलाला ते पसंत नव्हतं. "आबा, हिचं लग्न करायचंय, हिला पोलिसात नाही घालायचं."

"पोलिसात घातली तर तुझ्यासारख्याला सरळ करील," हे म्हणायचे.

नातीचं नाव अर्ध्या मॅरेथॉनला लागलं. ती शर्यत दोघांचीच होती, घरात दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि शर्यत तोंडावर आलेली असताना यांना झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

शर्यत दहाव्याच्या आधी येत होती. सुतकात घरचं माणूस देवळात जात नाही, दुसऱ्याच्या उंबऱ्याला शिवत नाही. आणि हिला तर आदल्या दिवशी मुंबईला मैत्रिणीकडे मुक्कामाला जायला हवं होतं. मुलाने नाही म्हटलं. पोरगी नुसती आबांच्या खुर्चीकडे बघत बसली.

मी म्हटलं, "कुंकू माझं गेलंय. सुतक सगळ्यात जास्त मला. मी सांगते, जा."

माझी धाकटी जाऊ म्हणाली, "जाऊ दे, वहिनी. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे कळेल."

"नाही आला तर तू जाऊन टोच मार."

नात गेली आणि शर्यत पळून आली. घरात भेटायला आलेली माणसं बसली होती. तिने आंघोळ केली आणि कोपऱ्यात येऊन बसली. कुणी काही विचारलं नाही. मी विचारलं, "पुरी केलीस?" तिने मान डोलावली.

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्याकडे बायकाही जातात. पिंड ठेवले. झाडावर कावळे भरपूर होते, पण एक खाली उतरेना. ऊन चढलं. मुलगा हात जोडून म्हणाला, "आबा, राहिलेली जागा विकणार नाही." दीर म्हणाला, "वहिनींना अंतर देणार नाही." मीही म्हटलं, "माझी काळजी करू नका." कावळे तिथेच. भटजी घड्याळ बघायला लागले.

जाऊ म्हणाली, "जी सुतकात पळून आली तिला पुढे करा."

मी म्हटलं, "गप्प बस." पण सगळे मागे सरले आणि पोरगी एकटी पुढे राहिली. तिने हात जोडले. "आबा, मी परत कधी पळणार नाही."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मुलगा रडायला लागला. जाऊ माझ्याकडे बघतही नव्हती, तिला गरज नव्हती.

मी जन्मभर अंगणात मासळी सुकत घातली आणि कावळ्यांपासून राखली. माणसं गर्दी करून उभी असली तर कावळा येत नाही. माणसं मागे सरली की येतो. त्या दिवशीही तेवढंच झालं. तिला पाठवल्याचं मला वाईट वाटत नाही. ती एकटी पुढे राहिली तेव्हा मी तिला हात धरून मागे ओढायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण तोपर्यंत ती बोलून मोकळी झाली होती.

तेव्हापासून ती पळाली नाही. मुलगासुद्धा आता म्हणतो, "जा गं थोडी पळायला, आबांना बरं वाटेल." यंदा शर्यत लागली तेव्हा त्यानेच टीव्ही सुरू केला. ती स्वयंपाकघरात होती. मी तिच्याकडे गेले आणि तिला मासळीचं सांगितलं, आधीही सांगितलं होतं.

"तुझं खरं असेल, आजी."

"मग पळ की."

"आणि आबांनीच नको म्हटलं असेल तर?"

"ते कशाला नको म्हणतील? शिकवलं कुणी तुला?"

"मग आधी का नाही आले? बाबांनी जागेचं सांगितलं, तू सांगितलंस, तेव्हा का नाही आले?"

मी म्हटलं, ते नव्हतेच, तो कावळा होता. ती हो म्हणाली आणि पीठ मळायला बसली. बाहेर टीव्हीवर कुणीतरी जिंकत होतं.